मागच्या दाराचा फलाट

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२५

चि. ऋतुराज, चि. अपेक्षा,

तुम्ही दोघं सख्खी भावंडं, एक पुण्यात, एक नाशकात. सरकार कुणाचं यावं इथपासून पुरणपोळी दुधाशी खावी की तुपाशी इथपर्यंत तुमचं कधी जमलं नाही. पण एका तक्रारीवर तुमची युती अभेद्य आहे : आई कुणाचं ऐकत नाही. ही तक्रार मी नोंदवून घेते. अंगणवाडी सेविकांचे मोर्चे घेऊन मी अर्धं आयुष्य कलेक्टर कचेरीत गेले. तिथं आमची गाऱ्हाणीही अशीच नोंदवून घ्यायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

तर पुढचा विषय. फोनवर सांगितला असता, पण मी दोन वाक्यं बोलले की ऋतुराज म्हणतो, "आई, भाषण नको," आणि अपेक्षाची रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही.

गणपतीत तुमचे बाबा पुढच्या पायऱ्यांवर पडले. हनुवटीचे टाके कधीच सुकले. पण त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. अर्धांगवायूनंतरचं सगळं वर्ष ते काठी टेकत का होईना, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. आता पलंग ते न्हाणीघर आणि न्हाणीघर ते पलंग. व्यायाम घ्यायला मुलगी येते, "काका, चालायचं" म्हणते. काका भिंतीकडं तोंड करतात. गल्लीतलं पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून आपल्या घराचं जोतं उंच आहे. त्यामुळं पुढं पायऱ्या, मागं पायऱ्या, आणि मधे हा माणूस.

ऋतुराज, तू विसर्जनाच्या आधीच भांडून गेलास. मग मेसेज आला, "जानेवारीच्या शेवटी गाडी घेऊन येतो. बाबांना पुण्याला नेणार. तूही चल." याला आमंत्रण म्हणत नाहीत, नोटीस म्हणतात. तुझा फ्लॅट चांगला आहे, लिफ्ट आहे, दिवसभराची नर्स मिळेल, सगळं कबूल. पण बाराव्या मजल्यावर नेलेली म्हातारी माणसं परत जमिनीला कधी लागतात, हे मी तुझ्या सोसायटीत डोळ्यांनी बघून आलेय. बाल्कनीच्या जाळीला नाक लावून उभी असतात. जगण्याचा हक्क म्हणजे श्वास चालू असणं नव्हे, असं मी हजार बायांपुढं ओरडून सांगितलंय. घरच्या माणसाच्या बाबतीत मी ते वाक्य मागं घेऊ का?

तरी मी तुम्हाला लेखी देते. तू येशील तोवर तुमचे बाबा स्वतःच्या पायांनी या घरातून मोकळ्या आभाळाखाली आले नाहीत, तर त्यांची बॅग मी भरीन आणि तुझ्या गाडीत मागच्या सीटवर गप्प बसेन. आले, तर आम्ही दोघं इथंच राहणार आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. साक्षीदार अपेक्षा.

आणि ते येणार कसे, तर मागच्या दारानं. स्वयंपाकघराच्या दाराला लागून, उंबऱ्याच्या पातळीत, लाकडाचा मोठा ओटा. पायरी एकही नाही. दार उघडलं की पाऊल सरळ कडुलिंबाच्या सावलीत. यूट्यूबवरचे परदेशी लोक त्याला डेक म्हणतात. तो मी स्वतः बांधणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तुमची आई

२३ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतुराज, चि. अपेक्षा,

ऋतुराजचा मेसेज पोचला : "आई, वय बघ. प्लीज सुतार लाव." अपेक्षानं त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलंय. म्हणजे युती टिकून आहे.

सुतार लावला होता. तेच सांगते.

चांगला माणूस, कामाचा. मागच्या अंगणात मापं घेत होता, सोबत त्याचा जोडीदार. मी दार उघडं ठेवलं, म्हटलं पलंगावरून यांना दिसू दे. तेवढ्यात यांना पाणी हवं झालं. आता तुमच्या बाबांचं कसं झालंय हे तुम्ही फोनवर विचारत नाही आणि मीही सांगत नाही, म्हणून लिहिते. साधे शब्द अडकतात आणि शिव्या मात्र सरळ बाहेर पडतात. डॉक्टरांनी सांगितलं, मी वाचूनही खात्री केली, मेंदूत शिव्यांचं घर वेगळ्या कोपऱ्यात असतं, तिथं धक्का लागला नाही. कन्नड-सिल्लोडच्या गाडीवर आयुष्य काढलेला हा कंडक्टर, ज्यानं दारू प्यालेल्या प्रवाशालाही "दादा, उतरता का" म्हटलं, त्यानं भरल्या घरात "पाणी" म्हणायला तोंड उघडलं आणि अख्ख्या गल्लीनं ऐकावी अशी शिवी दिली. स्वतःच दचकले. परत प्रयत्न केला, तीच शिवी.

सुतार हसला. वाईट बुद्धीनं नाही, कुणीही हसलं असतं. जोडीदार जास्त हसला. यांनी हळूच चादर डोक्यावर ओढली.

मी दोघांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. या घरात आता अनोळखी माणूस येणार नाही. म्हणून मी. दुसरं कारण शोधू नका.

लाकूड मिळालं. शेजारचे निजामुद्दीनभाई, त्यांचं खिडक्यांचं दुकान आहे, ते मला त्यांच्या टेम्पोतून वाळूजला घेऊन गेले. तिथं कारखान्यांत यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून येतात त्या मोडीत निघतात. फळ्या चांगल्या जाड आहेत. खालचा सांगाडा मात्र जुन्या सागवानाचा, वखारीतून आणला. भाईंनी ड्रिल मशीनही दिलं आणि वर म्हणाले, "भाभी, मी करून देतो ना, दोन रविवार लागतील." मी म्हटलं, "भाई, तुम्ही फक्त मशीन द्या. फुकट सल्ला मला पुण्याहून मिळतो."

पेट्या सोडवणं हे काम नव्हे, शिक्षा आहे. एकेका फळीला वाकडे खिळे. मी पहारीनं एक खिळा उपटत होते आणि या देशात बाईच्या हातात हत्यार का देत नाहीत यावर सगीराला समजावत होते. सगीरा म्हणजे भाईंची बायको. तिनं माझ्या हातातून पहार घेतली.

"आपा, तकरीर से कीलां नहीं निकलते. बाजू सरको."

आणि एका झटक्यात खिळा बाहेर. तेव्हापासून दुपारी ती खिळे काढते आणि मी भाषण करते. काम वेगानं चाललंय.

आई

९ डिसेंबर २०२५

चि. ऋतुराज, चि. अपेक्षा,

आज बरी बातमी आहे. घाईनं लिहितेय, अक्षर समजून घ्या.

लाकडाला वाळवी लागू नये म्हणून खालच्या बाजूला जळकं ऑइल लावतात. भाईंनी गॅरेजमधून डबा आणून दिला. सगळ्या सांगाड्याला मी ते फासलं. हात काळे, पदर काळा, आणि अंगणभर असा वास की सगीरानं खिडक्या लावून घेतल्या. मी फडक्यानं हात पुसत आत आले, तर हे पलंगावर उठून बसलेले. नाक वर करून हुंगत होते.

"डेपो," म्हणाले.

मला आधी वाटलं मीच काहीतरी ऐकलं. म्हटलं, "काय म्हणालात?"

"डेपो. वास." मग बराच वेळ जुळवाजुळव करून, "गाडी... लागली का?"

पोरांनो, मी क्रांती चौकात पोलिसांच्या गाडीवर चढून भाषण केलंय. इथं एकच शब्द बोलले, "लागली."

त्या दिवशी त्यांनी काठी मागितली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. दाराच्या आत खुर्ची टाकून दिली, ती आता त्यांची जागा. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल नाही, आत खुर्चीत. बाहेर बघून म्हणाले, "फलाट." सगीरा त्याला तख्त म्हणते, मी ओटा म्हणते, तुमचे व्हिडिओवाले डेक म्हणतात. पण या घरात आता फलाट हेच नाव चालतं. एसटीच्या माणसापुढं कुणाचं काय चालणार.

खांब पुरले, सिमेंट भरलं. मग पातळी. तिचं सगळं गणित उंबऱ्याशी. बोटभर जरी वरखाली झालं तरी यांचा घासत टाकलेला पाय तिथं अडखळणार. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणली, पाणी भरून. एक टोक उंबऱ्याशी धरायला माणूस हवा. सगीरा रोट्या लाटत होती. मी ते टोक यांच्या गुडघ्यांत अडकवून दिलं, डावा हात मोकळा.

बोलून सांगणं त्यांना जड जातं. त्यांनी त्यावर तोड काढली. मांडीवर स्टीलचा पेला उपडा ठेवतात आणि चमच्यानं वाजवतात. एक ठोका, थांब. दोन ठोके, चल. कंडक्टरची घंटा. आयुष्यभर त्यांनी तिच्यावर अख्खी गाडी हाकली, मी तर एकटीच आहे. मी खांबाशी नळीचं दुसरं टोक वर सरकवते, टण टण. आणखी वर, टण टण. त्यांच्या टोकातलं पाणी उंबऱ्याला लागलं, टण. थांबले. सगीराचं म्हणणं, "आपा, तुम्हारे को इतना चुप करने वाला पहली बार मिला."

ऋतुराज, तुझा मेसेज नाही. कामात असशील. गणपतीबद्दल मी काही विचारत नाही, तूही सांगत नाहीस, आणि हे असंच चाललंय. पण तू गेल्यापासून एकदाही बाबांशी व्हिडिओवर बोलला नाहीस, हे ते मोजतात. मी नाही मोजत. ते मोजतात.

आई

२४ डिसेंबर २०२५

चि. ऋतुराज, चि. अपेक्षा,

अपेक्षानं फोनवर विचारलं, "फळ्या बसल्या का?" मी "सावकाश सांगते" म्हणून ठेवून दिला. आज सावकाश सांगते. हसा, या वेळी मनाई नाही.

सांगाड्याच्या खाली गवत उगवू नये म्हणून जमिनीवर ताडपत्री अंथरा, असं व्हिडिओतला माणूस सांगतो. अंथरली. मग वर फळ्या, एकेक, दोन फळ्यांत करंगळीएवढी फट ठेवून, स्क्रू पक्के. मी दणादण काम करत होते. हे दाराशी बसून पेला वाजवत होते. टण. मी विचारलं, "चहा?" मान हलवली, नाही. पुढची फळी. टण. "ऊन लागतंय का?" नाही. टण. मला वाटलं करमत नाही म्हणून वाजवतायत. मी एकीकडं फळी बसवत, दुसरीकडं या शहराच्या पाण्यावर बोलत होते. ज्या गावात मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी नहरी खोदून घरोघर आणलं, त्या गावात आज नळ कधी येणार हे ज्योतिषालाही विचारून कळत नाही, हा माझा जुना विषय, तुम्हाला पाठ आहे. टण. टण टण नव्हे, नुसता एक टण. शेवटी त्यांनी चमचा खाली टाकला आणि तोंड फिरवलं. मी शेवटची फळी बसवली.

परवा भरदुपारी गल्लीत ओरडा झाला, "नळ आले." किती दिवसांनी आले ते विचारू नका. मी पाईप घेऊन मागं धावले आणि उभी राहिले.

सगीरा कुंपणावरून बघत होती. "आपा, हौद किधर गया तुमारा?"

हौद खाली होता, ताडपत्रीखाली, आणि ताडपत्री फलाटाखाली. पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून आपण तोटी बंद ठेवतो, आणि ती तोटी हौदाच्या तोंडात, झाकण उचलल्याशिवाय हाताला लागत नाही. सगळं शहर हौदावर जगतं, आणि मी माझा हौद स्क्रू मारून बंद केला होता. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या अंगणात हौद नाही. त्याला नळाची वाट बघावी लागत नाही.

मी आणि सगीरा फळ्यांवर गुडघे टेकून शोधायला लागलो. झाकण नेमकं कुठल्या फळीखाली? मी म्हणते इथं, ती म्हणते तिथं. एक फळी उपटली, खाली नुसती ताडपत्री. दुसरी उपटली, ताडपत्री. शेजारच्या घरांत पाणी पडल्याचा आवाज येतोय आणि आम्ही लाकूड उपटतोय.

मागून शिवी ऐकू आली. मोठी, पूर्ण, एकही अक्षर न अडखळता. मग काठीचा आवाज.

मी वळले. तुमचे बाबा उंबऱ्यावर उभे होते. मग उंबरा मागं पडला. डावा पाय, काठी, मग तो उजवा पाय घासत. पुन्हा डावा. रागानं तोंड लाल. आमच्याकडं बघतही नव्हते. सगीरा धरायला उठली, मी तिचा हात घट्ट पकडला. ती कुजबुजली, "आपा, पानी जाएगा." मी म्हटलं, "जाऊ दे."

या गावात वाढलेली कुठलीही बाई हे वाक्य बोलत नाही. मी बोलले.

ते फलाटाच्या मध्यावर आले, डावीकडं सरकले, आणि एका फळीवर काठी आपटली.

"इथं. च्यायला, इथं." दम खाल्ला. "कवापासून... वाजवायलोय. आशे. तू ऐकतीस... कुणाचं?"

वर कडुलिंब, त्याच्यावर आभाळ. आपण कुठं उभे आहोत हे त्यांना तेव्हा कळलं असावं. काठी घट्ट धरली, वर बघितलं, आणि तिथंच थांबले. मी खुर्ची आणून मागं ठेवली, हात न लावता. बसले. त्या फळीखाली झाकण होतं. आम्ही तोटीपर्यंत पोचलो तेव्हा नळ गेले होते. सगीरानं तिच्या हौदातून पाईप लावून आमचे ड्रम भरून दिले आणि ही गोष्ट संध्याकाळच्या आत सगळ्या गल्लीला सांगून टाकली.

तुमची तक्रार मी आता फक्त नोंदवून घेत नाही. तिला फलाटाच्या मधोमध पुरावा सापडलाय.

त्या फळ्या कापून मी झाकणावर उघडणारं दार केलंय, बिजागऱ्या लावून. वरून जवसाचं तेल पाजलं. तिन्ही बाजूंनी कठडा झाला, फाटकाकडून चढायला कोपऱ्यात वाट ठेवून.

आई

१२ जानेवारी २०२६

चि. ऋतुराज, चि. अपेक्षा,

मी लेखी दिलं होतं, म्हणून लेखीच कळवते. तुमचे बाबा आता रोज फलाटावर जातात. सकाळी ऊन आलं की जातात आणि जेवणाला बोलवेपर्यंत येत नाहीत. सीताफळाच्या फांदीवर पोपट येतात, त्यांना शिव्या देतात. पोपट हसत नाहीत, त्यामुळं संबंध चांगले आहेत. काल गल्लीतले दोन म्हातारे येऊन बसले. बोलणं कमी, बसणं जास्त. आणि मी? मी त्या फळ्यांवर दुपारी आडवी होऊन गाढ झोपले. गणपतीपासून अशी झोप लागली नव्हती. छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं असं वाटलं. मला भीती वाटत होती, पोरांनो. ती मी सांगाड्यासारखी खाली ठेवली होती आणि वर फळ्या ठोकत होते. आता सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट राहिलीय, ती ऋतुराजची. अपेक्षा, तूही वाच.

ऋतुराज, पायऱ्या उतरताना बाबांचा हात तू धरला होतास. ते पडले तेव्हा तू पांढरा पडलास, आणि दवाखान्यात डॉक्टरांपुढं मला म्हणालास, "या घरात बाबा मरतील." मी तिथंच तुला उत्तर दिलं, सगळा वॉर्ड ऐकत होता, आणि तू निघून गेलास. तू त्यांना पुण्याला न्यायला निघालास ते घरामुळं नाही, त्या हातामुळं, असं मला वाटत होतं. मी ते तुला कधी म्हटलं नाही. परवा त्यांनीच म्हटलं. फलाटावर बसून, एकेक शब्द खणून काढत. मी मधे बोलले नाही, हे त्यांना विचार.

म्हणाले, "पोराला सांग. त्याचा हात... नाय सुटला. माझा गुडघा गेला." आणि मग, "लई घाबरलं... पोरगं."

त्यांनी सांगितलं, मी पोचवलं. यावर माझं काही भाष्य नाही.

पण एक व्यवहारातली गोष्ट सांगते. परवा निजामुद्दीनभाई आले, यांना चालताना बघून मायेनं हात पुढं केला. हे जागच्या जागी थांबले. त्या हाताकडं बघत राहिले आणि उजवा पाय उचलेना. भाईंनी हात मागं घेतला, तेव्हा चालले. हात दिसला की त्यांना पडणं आठवतं. मोकळी वाट दिसली की चालतात.

चोवीस तारखेला शनिवार आहे, सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. दोघंही या. ऋतुराज, गाडी आण, पण परत जाताना तिच्यात तू आणि अपेक्षाच असाल. घराला वळसा घालून मागच्या फाटकानं या. मी आतून दार उघडीन. तू फलाटाच्या त्या टोकाला, कठड्याला पाठ लावून उभा राहा. बाबा तुझ्याकडं चालत येतील. वाटेत डुगडुगतील, मधे थांबतील, तुला धावावंसं वाटेल. अपेक्षा, तू स्वतःची ओढणी दोन्ही हातांनी धरून उभी राहा. आणि ऋतुराज, ते तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत दोन्ही हात खिशात ठेव.

तुमची आई